मातीचा पुतळा आणि संजीवनीचा मंत्र

प्रेम शिकवता येते की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्रात आणि भक्तिशास्त्रात फार जुना असला, तरी बालवाडीच्या खोलीत तो ज्या रूपाने उभा राहतो ते रूप तुलनेने अलीकडचे आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना प्रेमावरचे एखादे चित्रपुस्तक, म्हणजे ज्यात गोष्टीचा निम्मा भार शब्द वाहतात आणि निम्मा चित्रे वाहतात असे पुस्तक, वाचून दाखवायचे आणि त्याला जोडून त्याच विषयावरची एखादी हस्तकला व एखादा खेळ घ्यायचा, ही पद्धत आता सर्वपरिचित झाली आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जी ‘जादुई पिटारा’ नावाची शैक्षणिक साहित्याची पेटी आणली, तिच्यातही गोष्टी, खेळणी, कोडी आणि बाहुल्या एकत्र आहेत, म्हणजे जोडणीचे तत्त्व शासनमान्य आहे. त्याची उपपत्ती मात्र वेगळी शोधावी लागते. वाचलेली गोष्ट, हाताने केलेली वस्तू आणि मैदानातला खेळ या तिन्हींचा प्रेमाशी नेमका संबंध काय, आणि तो संबंध जुळत नाही तेव्हा काय घडते, याचा विचार करण्यासाठी सातपुड्यातील तोरणमाळ हे ठिकाण विलक्षण सोयीचे आहे, कारण तेथील पठारावर ज्या नाथपंथाची स्थाने आहेत त्याच्या कथांमध्ये हा प्रश्न कमालीच्या धारदारपणे आलेला आहे.

प्रथम आक्षेपाचा विचार करावयास हवा. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भावनारूप प्रेम कोणाच्याही आज्ञेने उत्पन्न होत नाही. आज्ञा करता येते ती केवळ कृतीची, आणि म्हणून शेजाऱ्यावर प्रेम करावे असे धर्मवचन सांगते तेव्हा त्याचा अर्थ शेजाऱ्याचे भले करावे एवढाच घ्यावा लागतो. हे मान्य केले तर ‘प्रेम’ या विषयावरचा पाठ हा शब्दप्रयोगच संशयास्पद ठरतो. कांटने पुढे १७९७ च्या ग्रंथात या कठोर भूमिकेला एक पुरवणी जोडली, आणि तीच येथे अधिक उपयोगाची आहे: दुसऱ्याचे भले करण्याचा जो परिपाठ ठेवतो आणि ते भले झालेले पाहतो, त्याला अखेरीस त्या माणसाविषयी खरोखरच प्रेम वाटू लागते. भावना आधी आणि कृती नंतर हा नेहमीचा क्रम येथे उलटला आहे. नारदाच्या नावावर असलेल्या भक्तिसूत्रांत आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. प्रेमाचे स्वरूप शब्दांत सांगता येत नाही, ते मुक्याने चाखलेल्या चवीसारखे आहे, असे ही सूत्रे म्हणतात. जे सांगताच येत नाही ते चित्रपुस्तक काय सांगणार, असा प्रश्न मग सरळच निघतो.

भक्तिशास्त्राने या अडचणीतून काढलेली वाट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सोळाव्या शतकातील वैष्णव आचार्य रूप गोस्वामी यांनी ‘भक्तिरसामृतसिंधु’ या ग्रंथात साधनभक्ती, म्हणजे इंद्रियांनी केली जाणारी भक्ती, आणि तिने साध्य होणारा भाव यांत भेद केला आणि असे मांडले की, हा भाव साधनेने निर्माण होत नाही, तो मुळातच सिद्ध असतो आणि साधनेमुळे हृदयात केवळ प्रकट होतो. साधनभक्तीचेही त्यांनी दोन प्रकार मानले: शास्त्राच्या विधीमुळे घडते ती वैधी आणि स्वतःच्या ओढीने घडते ती रागानुगा. या परिभाषेत पाहिले तर शिक्षिकेने सांगितले म्हणून केलेली हस्तकला ही वैधी होय, आणि तिच्यावर कृत्रिमतेचा आरोप करण्याचे कारण उरत नाही, कारण ती प्रेम तयार करण्याचा दावा करीत नाही. ती हात, कान आणि डोळे अशा कामाला लावते की आत असलेले बाहेर यावे. याच शास्त्राचा प्राचीन आधार असलेली नवविधा भक्ती, म्हणजे भक्तीचे नऊ प्रकार, भागवताच्या सातव्या स्कंधात येते, आणि तिचा संदर्भ सहसा दुर्लक्षिला जातो: शाळेतून आलेल्या बाळ प्रल्हादाला वडिलांनी काय शिकलास म्हणून विचारले, त्यावर त्याने दिलेले ते उत्तर आहे, आणि ते त्याच्या गुरुजींनी शिकवलेल्या अभ्यासक्रमातले नाही. त्या नऊ प्रकारांत पहिले श्रवण आहे, म्हणजे कथा ऐकणे; त्यानंतर कीर्तन आणि स्मरण येतात; मग पादसेवन, अर्चन आणि वंदन ही शरीराने व हातांनी करावयाची कामे; आणि शेवटी दास्य, सख्य व आत्मनिवेदन हे संबंध. पुस्तक, हस्तकला, खेळ ही आधुनिक साखळी या क्रमाशी किती जवळून जुळते हे वेगळे सांगावयास नको. मात्र प्रल्हादाची यादी जेथे संपते तो संबंध बालवाडीच्या साखळीत बहुधा गाळला जातो.

युरोपात या जोडणीचा ठळक आरंभ फ्रेडरिक फ्रोबेल या बालशिक्षणतज्ज्ञाकडे दिसतो. किंडरगार्टन हे नाव ज्याने रूढ केले त्या फ्रोबेलने १८४४ मध्ये आईने लहान मुलाबरोबर म्हणावयाच्या गीतांचे एक सचित्र पुस्तक काढले, ज्यात चित्र, पद्य आणि त्यावरचा बोटांचा खेळ यांची सांगड घातलेली होती. त्यामागे शुद्ध धार्मिक विचार होता: सर्व वस्तूंत एकच ईश्वरी ऐक्य आहे आणि आईच्या मांडीवरच्या खेळात मुलाला त्याची पहिली चाहूल लागते, असे तो मानी. त्याने मुलांसाठी तयार केलेल्या लोकरी चेंडू, गोल, घन, चिती अशा साधनांना त्याने ‘देणग्या’ असे नाव दिले आणि घडी घालणे, विणणे, कातरणे यांसारख्या हातकामांना ‘व्यवसाय’ म्हटले. खेळण्याला देणगी म्हणणे हा शब्दांचा खेळ नव्हे, कारण देणगी म्हटले की देणारा आलाच.

आता तोरणमाळकडे वळता येईल. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात समुद्रसपाटीपासून सुमारे १,१४३ मीटर उंचीवर असलेले हे पठार पर्यटकांना यशवंत तलाव आणि सीताखाई या स्थळांमुळे ठाऊक आहे. भाविकांना ते गोरक्षनाथाचे मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुंफा आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे अधिक जवळचे वाटते. आसपासच्या पाड्यांवर मुख्यत्वे पावरा आणि भिल्ल समाजाची वस्ती आहे, मुलांच्या घरची बोली पावरी किंवा भिली आहे आणि मराठी ही त्यांना शाळेत भेटणारी भाषा आहे. नाथपंथ हा योगाचा आणि वैराग्याचा पंथ असल्यामुळे प्रेमाच्या शिक्षणाचा विचार त्याच्या दारात करणे वरवर विसंगत वाटेल. पण धुंडीसुत मालू यांनी १८१९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथाने महाराष्ट्रात घरोघरी पोचवलेल्या कथांपैकी दोन कथा येथे शेजारी ठेवून वाचल्या, तर विसंगती राहत नाही.

पहिली कथा मीननाथाची आहे. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रनाथाला त्याचा शिष्य गोरक्षनाथ तेथून सोडवून आणतो, तेव्हा मच्छिंद्राचा तेथे जन्मलेला लहान मुलगा मीननाथ बरोबर असतो. मुलाने अंग घाण केले म्हणून गुरू शिष्याला त्याला धुऊन आणावयास सांगतो, आणि गोरक्ष त्या मुलाला नदीवर नेऊन धुणे धुतात तसा दगडावर आपटून धुतो व वाळत घालतो. गुरू शोक करू लागतो तेव्हा गोरक्ष त्याला आसक्तीबद्दल प्रश्न करतो आणि नंतर संजीवनी मंत्राने, म्हणजे मेलेल्याला जिवंत करणाऱ्या मंत्राने, मुलाला उठवतो. पंथाच्या दृष्टीने ही कथा मोहनाशाची आहे आणि ‘धुणे’ म्हणजे मनाचा मळ काढणे असा तिचा अर्थ लावता येतो. तो अर्थ मान्य करूनही तिच्यातील एक गोष्ट अस्वस्थ करते: गोरक्षाने सांगितलेले काम शब्दशः पार पाडले आहे. कृती झाली, सूचनेप्रमाणे झाली, आणि जिच्यासाठी ती करावयाची होती ती व्यक्तीच तिच्यात नाहीशी झाली. वर्गातील नीरस उपक्रमाला यापेक्षा भेदक दृष्टान्त सापडणे कठीण.

दुसरी कथा गहिनीनाथाची आहे आणि तीत मुलांचा खेळ अक्षरशः मध्यभागी आहे. गोरक्ष संजीवनी मंत्राचा पाठ करीत बसलेला असताना गावातली मुले चिखल घेऊन खेळत येतात. त्यांनी मातीची गाडी तयार केलेली असते, पण ती हाकणारा गाडीवान त्यांना साधत नाही, म्हणून ती गोरक्षालाच तो करून मागतात. तोंडाने मंत्र चालू आणि हाताने मातीचे काम चालू, अशा स्थितीत तयार झालेला पुतळा जिवंत होतो, आणि मुले भूत समजून पळ काढतात. मच्छिंद्र ते मूल ओळखतो, उचलून घेतो, आणि पुढे त्याला मधुनाभा व गंगा या ब्राह्मण दांपत्याकडे वाढवण्यासाठी सोपवतो. हेच मूल म्हणजे गहिनीनाथ. त्याच्याकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांना उपदेश मिळाला असे वारकरी परंपरा मानते, त्यामुळे मराठी भक्तीच्या मुख्य प्रवाहाची गुरुपरंपरा मागे नेत गेले की ती मुलांच्या मातीकामापर्यंत जाऊन पोचते. योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल, पण सोडू नये.

दोन्ही कथांत मंत्र तोच आहे आणि हातही त्याच गोरक्षाचे आहेत. फरक आहे तो काम कोणी कशासाठी मागितले आणि पुढे ते कोणाच्या हाती गेले यात. मीननाथाच्या कथेत गुरूची आज्ञा होती आणि शिष्याने तिचा उपयोग गुरूला धडा देण्यासाठी केला. गहिनीनाथाच्या कथेत मुलांना खेळात काहीतरी कमी पडत होते आणि ते त्यांनी आपणहून मागितले. शब्द आणि हात एकत्र आले की काहीतरी जिवंत होऊ शकते, एवढे ही कथा सांगते. पण ती तेथे थांबत नाही. जिवंत झालेल्या पुतळ्यापासून मुले पळाली, आणि त्याला माणूस करण्याचे काम उरले ते दूध पाजणाऱ्या, अंगाई म्हणणाऱ्या एका जोडप्यावर, ज्यांचा ना मंत्राशी संबंध होता ना मातीशी. गोष्ट आणि हस्तकला यांची जोडणी प्रेमापर्यंत पोचते ती केलेली वस्तू करणाऱ्याच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा, असे या कथेच्या आधारे म्हणता येते, आणि प्रस्तुत विवेचनाचा मुद्दाही हाच आहे.

तोरणमाळ ज्यात येते त्या खानदेशातच धुण्याची आणखी एक हकीकत आहे आणि ती ऐतिहासिक आहे. अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी राहिली, जिचे संचालकपद पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारख्या भारतातील अग्रगण्य तत्त्वचिंतकाने भूषवले. त्या संस्थेत अध्ययनासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानात फार काळ रमले नाहीत. १९२४ पासून ते त्याच गावातील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयातील मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे नीट करणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे गाजावाजा न करता करू लागले. ‘साने गुरुजी’ हे नाव त्यांना या काळात लाभले. जगावर प्रेम करणे हाच धर्म मानणारी त्यांची प्रार्थना आज शाळाशाळांत म्हटली जाते, पण तिच्यामागे धुतलेल्या कपड्यांचा ढीग आहे हे विसरले तर ती केवळ पाठांतर होते. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील आईदेखील प्रेमाची व्याख्या करीत बसत नाही. आंघोळ झालेल्या मुलाच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून ती दगडावर आपले ओचे पसरते, आणि उपदेश येतो तो त्या कृतीच्या पाठोपाठ.

या पार्श्वभूमीवर प्रेमाच्या पाठाला जोडल्या जाणाऱ्या रूढ हस्तकलेकडे पाहिले की तिचे दुबळेपण लक्षात येते. लाल घोटीव कागदाचा बदाम कापायचा, त्यावर चमकी चिकटवायची आणि तो भिंतीवर लावायचा, हा उपक्रम प्रेमाचे चिन्ह शिकवतो, प्रेम नव्हे; पत्त्यांतला बदामही तेवढेच शिकवतो. चांगले चित्रपुस्तक स्वतः असे करीत नाही. सॅम मॅकब्रॅटनी यांनी लिहिलेल्या आणि अनिता जेराम यांनी चित्रे काढलेल्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गेस हाऊ मच आय लव्ह यू’ या पुस्तकात सशाचे पिल्लू आपले प्रेम किती हे दाखवण्यासाठी हात पसरते, उंच होते, उड्या मारते, आणि दर वेळी मोठ्या सशाचे माप मोठे निघते, कारण त्याचे शरीरच मोठे आहे. प्रेम मोजता येते का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न येथे शरीराचा खेळ होऊन येतो, आणि मोजमापात हरूनही पिल्लाला हरल्याचे दुःख होत नाही, यातच त्याचे उत्तर आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मराठी पुस्तकसंचात घरातल्या एकेका माणसाची ओळख राधाच्या नजरेतून होते, आणि प्रेम हा शब्द मध्ये न आणता ते घर उभे राहते. अशा पुस्तकाला जोडावयाची हस्तकला तोरणमाळसारख्या ठिकाणी बाजारातून आणावी लागत नाही. पळसाच्या पानांचा द्रोण लावणे हे चार-पाच वर्षांच्या बोटांना मदतीने जमणारे काम आहे. त्यात घडी आहे, काडीने टाचणे आहे, कौशल्य आहे, आणि मुख्य म्हणजे द्रोण दुसऱ्याला काही वाढण्यासाठीच केलेला असतो. जेवण झाले की तो टाकून द्यायचा. भिंतीवर लावण्याजोगे त्यात काही नाही, आणि हाच त्याचा गुण आहे.

खेळांच्या बाबतीत परंपरा अधिक उदार आहे. तुकारामांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतुतू, विटीदांडू, टिपरी अशा खेळांवरचे अभंग आहेत आणि वारीच्या वाटेवर आजही थोराड वारकरी फुगड्या घालतात. फुगडीत दोघांचा भार एकमेकांवर असतो. एकाने हात सोडला तर पडतात दोघेही, त्यामुळे सख्य म्हणजे काय हे सांगण्यासाठी तिला भाष्याची गरज लागत नाही. याच्या उलट, प्रेमाच्या पाठानंतर संगीत खुर्ची घेणे, ज्यात दर फेरीला एक मूल बाहेर जाते, हा विषयाचा विनोद म्हणावा लागेल. डबा ऐसपैस हा साधा गल्लीतला खेळ तिच्यापेक्षा कितीतरी खोल आहे, कारण त्यात पकडले गेलेले सगळे, लपून राहिलेल्या एका गड्याने डबा उडवला की सुटतात. स्वतः सुरक्षित असताना इतरांसाठी धोका पत्करण्याची ही तालीम आहे, आणि तिच्या नावात प्रेमाचा उल्लेखही नाही. ज्याच्यावर पुन्हा राज्य येते त्याचे दुःख मात्र खरे असते, आणि शिक्षिकेचे लक्ष त्या वेळी त्याच्याकडे असावयास हवे.

साहित्य स्थानिक असावे हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यात मॉन्टेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, दगड, पाने यांनी घेतली; शाळा वस्तीच्या अंगणात गेली तेव्हा तिला अंगणवाडी म्हटले गेले, आणि गुरे राखणाऱ्या वारली मुलांच्या मागे कुरणात गेली तेव्हा कुरणशाळा. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळेने त्याच्या मागे जाणे ही शिक्षणव्यवस्थेची सोय म्हणून वाचता येते. भक्तीच्या भाषेत तिला वेगळे नाव आहे, आणि भक्तामागे धावणाऱ्या देवाच्या कथा मराठी वाचकाला पुष्कळ ठाऊक आहेत. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यातही अशी एक रीत आहे: घर बांधणे किंवा शेताचे मोठे काम निघाले की गावातील माणसे मजुरी न घेता एकत्र येऊन ते करतात आणि ज्याचे काम तो त्यांना जेवू घालतो, या परस्परश्रमाला ‘लाह’ म्हणतात. अशा गावातील मुलाला एकमेकांच्या उपयोगी पडणे म्हणजे काय हे पुस्तकाने सांगण्याची आवश्यकता फारशी नाही. पुस्तकाने करावयाचे काम उलट दिशेचे आहे, ते म्हणजे त्याने आधीच पाहिलेल्या गोष्टीला दोन भाषांत, पावरीत आणि मराठीत, बोलण्याजोगे करणे. चित्र मध्ये असल्यामुळे हे काम शब्दकोशाशिवाय होऊ शकते.

याच भागात एक परिस्थिती मात्र अशी आहे जिच्यात ही जोडणी अवघड होते. दुर्गम पाड्यांवरील अनेक मुले लहान वयातच निवासी आश्रमशाळेत राहावयास जातात, आणि आईच्या मायेवरचे चित्रपुस्तक तेथे ज्या मुलासमोर उघडले जाते त्याची आई डोंगरापलीकडे असते. गोष्टीतले प्रेम त्याला समजत नाही असे नाही. ते फार समजते, हीच अडचण आहे. अशा वर्गात वस्तू तयार करवून घेऊन ती तेथेच भिंतीवर अडकवणे हे नुसते निरर्थक नाही, निर्दयही आहे. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण असल्यामुळे त्या सुमारास मुले घरी जातात. वर्षभरात केलेली मातीची बैलजोडी, बांबूच्या कामट्यांची गाडी किंवा बियांची माळ तोपर्यंत मुलाच्या पेटीत त्याच्या कपड्यांखाली राहते, आणि मग पिशवीत घालून घाटातून खाली-वर करीत पाड्यावर पोचते. धाकट्या भावंडाच्या हाती गेल्यावर ती दोन दिवसांत मोडते. पुस्तक शाळेच्या कपाटातच असते, आणि मुलाने घरी ती गोष्ट सांगितलीच तर ती पावरीत सांगितलेली असते.